टीप बघून वेटर धावतो, की आपल्यालाच तसं वाटतं?

शेवभाजी

सर्व्हिस चार्जवरून ऑफिसात जेवताना वाद झाला. तो इथे आणतोय, कारण तिथे मला बोलूच दिलं नाही. समोरच्या पार्टीचं म्हणणं: "टीप बंद केलीत तर वेटर ढुंकून बघणार नाही."

मला हे पटत नाही. टीप आपण उठताना देतो. तोवर जेवण झालेलं असतं, मसाला पापड मऊ पडायचा तो पडलेला असतो, पाणी तीनदा मागून झालेलं असतं. मग त्या पैशाने आजची सेवा सुधारली कशी? पुढच्या वेळेसाठी म्हणाल, तर जिथे आपण आयुष्यात परत जाणार नाही तिथेही ठेवतोच की. हायवेवरचा ढाबा, लग्नाला गेलो त्या गावातलं हॉटेल. सेवा बरी असो की वाईट, आकडा साधारण तोच. थोडा बिलाकडे बघून, थोडा सोबत कोण आहे ते बघून.

कायद्याचं आधीच सांगून टाकतो, म्हणजे त्यावर वीस प्रतिसाद जायला नकोत. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला मार्गदर्शक तत्त्वं काढली. सर्व्हिस चार्ज बिलात आपोआप लावायचा नाही, दुसऱ्या नावाखालीही नाही, आणि तो धरून एकूण रकमेवर जीएसटी लावायचा नाही. हॉटेलवाल्यांच्या संघटना दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या आणि त्याच महिन्यात त्यांना स्थगिती मिळाली. २८ मार्च २०२५ ला न्यायालयाने याचिका फेटाळल्या, वर दोन्ही संघटनांना एकेक लाख भरायला लावले. त्यावर अपील झालेलं आहे.

तर टीप ऐच्छिक आहे हे धरून चला. ती काही कामाची आहे का, एवढंच बोलूया.

खडूस_सदाशिव

पगार मालकाने द्यायचा. शर्ट दाखवून परत घड्या घालणाऱ्या दुकानातल्या माणसाला मी पैसे देत नाही, तो तरी वीस शर्ट काढतो. धागा बंद करा.

गल्ल्यावरचा

सदाशिवराव, एवढ्यात बंद नका करू.

नाशिकला आमचं हॉटेल होतं. पुढे फॅमिली, मागे परमिट रूम. कॉलेजात असल्यापासून गल्ल्यावर बसलोय, त्यामुळे दुसऱ्या बाजूने सांगतो.

सेवा कशावर ठरते? एका वेटरकडे किती टेबलं आहेत, भटारखान्यातून माल किती वेगाने निघतो, आणि फडकं मारणारा पोऱ्या जागेवर आहे की नाही. बस. रविवारी रात्री तंदूरवाला एकटा असेल आणि बाहेर वेटिंग लागलं असेल, तर तुम्ही पाचशेची नोट दाखवलीत तरी रोटी लवकर फुगणार नाही.

मग टीप काय करते? वेटर *कोणाकडे आधी* जाणार ते ठरवते. आणि ते टीप मिळाल्यावर नाही, गिऱ्हाईक दारातून आत शिरतानाच ठरतं. वेटर लोक यात फार तयार असतात. कॉलेजची पोरं आली की सगळे एकदम कामात. दोघांत एक डोसा घेणारे आजी-आजोबा, भिशीच्या बायका, तीच गत. रोज सातला येऊन कोपऱ्यात बसणारा क्वार्टरवाला मात्र खुर्ची ओढायच्या आत त्याच्यासमोर सोडा, बर्फ आणि शेंगदाणे. एका टेबलाला टीपमुळे जे मिळतं ते दुसऱ्या टेबलाचं कापून मिळतं. हॉटेल म्हणून बेरीज तेवढीच.

आमच्याकडे यावरून मारामाऱ्या व्हायच्या. कॅप्टन मोठी पार्टी आपल्या गाववाल्याला द्यायचा. शेवटी वडिलांनी गल्ल्याशेजारी डबा ठेवला. सगळी टीप त्यात, वाटप महिन्याला. कॅप्टनला दोन वाटे, वेटरला एक, पोऱ्याला अर्धा. भटारखान्याला काही नाही, यावरून आचारी जो रुसला तो शेवटपर्यंत. त्याचं चुकत नव्हतं. लोक चवीवर खूष होऊन पैसे ठेवतात आणि ते जातात ताट आणून देणाऱ्याला.

डब्याने काय झालं? परमिट रूममधली धावपळ थोडी मंदावली. हे खरं आहे, नाकारत नाही. पण फॅमिलीत आजी-आजोबांना पाणी वेळेवर मिळायला लागलं.

शेवभाजी

हे भारी आहे. म्हणजे टीपने सेवा वाढत नाही, फक्त इकडची तिकडे सरकते.

मृदगंध

गल्ल्यावरचा यांच्या यादीत "एकटी आलेली बाई" राहिली. तिच्याकडेही सगळे एकदम कामात असतात. :)

माझा अनुभव सांगते. जेवायला मी नेलेलं, ऑर्डर मी दिलेली, टीप मी ठेवणार. बिल कोणासमोर? नवऱ्यासमोर. तो बिचारा फोल्डर उचलून माझ्याकडे सरकवतो तेव्हा वेटरचा चेहरा बघण्यासारखा होतो. टीप देणारा आधीच ओळखता येतो या आत्मविश्वासातून हे येतं. ओळखलेला निम्म्या वेळा चुकीचा असतो.

मुक्काम_डॅलस

सदाशिवराव, तुमचं वाक्य इकडे म्हणून बघा.

टेक्सासमध्ये मालकाने वेटरला द्यायचा किमान रोख पगार तासाला २ डॉलर १३ सेंट. हा केंद्रीय आकडा १९९१ पासून हललेला नाही. बाकीचे टीपमधून निघतील असं धरून कायद्यानेच मालकाला ही सूट दिलीय. पगार आणि टीप मिळून तासाला ७.२५ डॉलरच्या किमान वेतनाला कमी पडलं तर फरक मालकाने भरायचा. कागदावर. त्यामुळे इथे टीप न देणं म्हणजे सरळ समोरच्याचा पगार कापणं.

आता सेवा. हसरी असते, प्रश्नच नाही. नाव सांगतात, ग्लास रिकामा होऊ देत नाहीत, आणि तोंडात मोठा घास असताना नेमकं येऊन विचारतात, सगळं छान आहे ना? तुम्ही मान हलवता. पण शेवटचा घास संपायच्या आत बिलही येऊन पडतं, तुम्ही मागितलेलं नसताना. कारण टेबल रिकामं झालं तर पुढची पार्टी बसेल आणि पुढची टीप येईल. आई-बाबा आले होते तेव्हा बाबांना हे फार लागलं. जेवणावर गप्पा मारत बसायची त्यांची सवय. "हाकलतायत का आपल्याला?" त्यावर वीस टक्के टीपचा आकडा रुपयात करून बघितल्यावर तर ते घरी येईपर्यंत बोलले नाहीत.

पावसाळी_सई

सिअ‍ॅटलहून. आमच्याकडे वॉशिंग्टन राज्यात ती २.१३ वाली सूट नाही. कॅलिफोर्निया, ओरेगन, मिनेसोटा आणि आणखी काही राज्यांतही नाही. सिअ‍ॅटल शहरात २०२५ मध्ये किमान वेतन तासाला २०.७६ डॉलर होतं, वेटरलाही तेवढंच. टीप त्याच्या वर. तरी बिलाचं मशीन १८, २०, २५ टक्के टीप दाखवतं आणि आम्ही मुकाट दाबतो. म्हणजे "पगार कमी म्हणून टीप" हे कारण गेलं तरी टीप जात नाही. आणि डॅलस आणि इथल्या सेवेत पगाराएवढा फरक मला तरी दिसलेला नाही.

गंमत म्हणजे याच राज्याने १९०९ मध्ये टीप देण्याघेण्यावर बंदी घातली होती. १९१३ मध्ये उठवली. आणखी काही राज्यांनीही असे कायदे केले, १९२६ पर्यंत सगळे गुंडाळले गेले.

जुनी_कात्रणं

त्या काळाचा विषय निघालाच आहे तर पुलमन कंपनीची गोष्ट टीपवाल्या सगळ्यांना माहीत असायला हवी. अमेरिकेतल्या रात्रीच्या झोपायच्या रेल्वे डब्यांत नोकर म्हणून जॉर्ज पुलमनने मुद्दाम गुलामगिरीतून सुटलेले काळे लोक घेतले. पगार तुटपुंजा, बाकी प्रवासी देतील त्यावर. बूट पुसायचे, अंथरूण घालायचं, आणि प्रवासी ज्याला त्याला "जॉर्ज" म्हणून हाक मारत, मालकाच्या नावाने. त्या हाकेला हसून ओ द्यायची.

सेवा अप्रतिम होती असं सगळे लिहितात. या लोकांनी १९२५ मध्ये ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना केली आणि १९३७ मध्ये कंपनीला करारावर सही करायला लावली. मागणी काय होती? जास्त टीप नव्हे. ठरलेला पगार आणि कमी तास.

आकडेमोड

मतं पुष्कळ झाली, थोडं मोजलेलं सांगतो. कॉर्नेल विद्यापीठातले मायकेल लिन यांनी टीप या एकाच विषयावर अख्खी कारकीर्द घातली. अनेक अभ्यास एकत्र करून त्यांनी काढलेला निष्कर्ष असा: जेवणाऱ्यांनी सेवेला दिलेले गुण आणि त्यांनीच ठेवलेली टीप यांचा संबंध आहे, पण अगदी किरकोळ. टीपच्या टक्केवारीत जो फरक पडतो त्यातला दोन टक्क्यांहूनही कमी भाग सेवेमुळे. वेटरच्या बाजूने विचार करा. मी जीव तोडून धावलो काय आणि रमतगमत गेलो काय, हातात जवळपास तेच पडणार असेल, तर टीप मला शिकवतेय काय?

शिकवते ते वेगळंच. २००२ मध्ये छापलेला एक प्रयोग आहे. बिलासोबत काहीच दिलं नाही तर सुमारे १९ टक्के टीप. एक चॉकलेट दिलं आणि जाता जाता "आणखी एक घ्या" म्हणून परत फिरून दुसरं दिलं तर सुमारे २३ टक्के. जेवण तेच, सेवा तीच. (आमच्या उडप्यांनी बडीशेपेची वाटी कधीपासून बिलासोबत पाठवायला घेतली, त्यांना शोधनिबंध वाचावा लागला नाही.) लिन यांच्याच दुसऱ्या एका अभ्यासात काळ्या वेटरना गोऱ्यांपेक्षा कमी टीप मिळाली, आणि कमी देणाऱ्यांत काळे गिऱ्हाईकही होते. हे सेवेचं बक्षीस म्हणायचं का?

खडूस_सदाशिव

मी पहिल्याच प्रतिसादात हे सांगितलं होतं, कॉर्नेलला न जाता.

आकडेमोड

नाही, तुम्ही फक्त "देणार नाही" एवढंच सांगितलंत. :)

आणि टीप बंद करणं वाटतं तितकं सोपं नाही. न्यूयॉर्कचे डॅनी मायर हे मोठे रेस्टॉरंटवाले. त्यांनी २०१५ मध्ये आपल्या रेस्टॉरंटांत टीप बंद करायला सुरुवात केली. पदार्थांचे भाव वाढवले, त्यातून भटारखान्याला नीट पगार. म्हणजे गल्ल्यावरचा यांच्या आचाऱ्याचीच तक्रार त्यांनी मनावर घेतली. झालं काय? मेन्यूवरचे आकडे बघून गिऱ्हाईक दचकायला लागलं, शेवटी टीप धरून तेवढेच पैसे पडत असले तरी. आणि चांगले वेटर टीपवाल्या हॉटेलांत निघून गेले, कारण शुक्रवार-शनिवारची कमाई तिकडे जास्त. २०२० मध्ये मायरनी टीप परत सुरू केली.

गल्ल्यावरचा

अगदी. वेटरला विचाराल तर त्याला टीपच हवी असते, हे कोणी लिहिलं नाही. पगार महिन्याला आणि गावी पाठवायचा. टीप रोजची, हातात, कोणी उचल म्हणून कापत नाही. आमच्याकडे राहणं-खाणं मालकाचं. रात्री शटर ओढलं की टेबलं जोडून त्यावरच झोप. त्यांचा मोबाइल रिचार्ज, तंबाखू, पिक्चर सगळं टीपमधून. डबा ठेवला तेव्हा सगळ्यात जोरात विरोध आमच्या सगळ्यात चांगल्या वेटरने केला होता. नंतर तो सोडून गेला.

तोक्योचा_वाघमारे

जपानात टेबलावर पैसे ठेवून निघालात तर विसरलात समजून वेटर रस्त्यावर धावत येतो. सेवा कशी असते ते गेलेल्यांना माहीत आहे. म्हणून "टीपशिवाय चांगली सेवा होत नाही" हे वाक्य इथल्या कुठल्याही साध्या रामेनच्या दुकानात खोटं पडतं.

पण एक अपवाद आहे आणि तो या धाग्याच्या कामाचा आहे. जुन्या पद्धतीच्या रयोकानमध्ये, म्हणजे पारंपरिक सरायांत, खोलीची व्यवस्था बघणाऱ्या बाईंना लोक पाकिटात पैसे देतात. त्याला कोकोरोझुके म्हणतात. आता कमी झालंय, पण माझ्या सासूबाई (जपानी) अजून देतात. आणि देतात कधी? गेल्या गेल्या, बाई पहिला चहा आणतात तेव्हा. निघताना नाही.

शेवभाजी

वाघमारे, माझ्या मूळ प्रश्नाचं उत्तर इथे सापडतंय असं वाटतं. टीप उपयोगी पडते ती दोनच ठिकाणी. एक, आधी दिली तर. दोन, तोच गिऱ्हाईक आणि तोच वेटर रोज भेटत असतील तर. कोपऱ्यातल्या क्वार्टरवाल्याची आजची टीप ही खरं तर उद्याच्या शेंगदाण्यांची आगाऊ रक्कम आहे. आपण सहा महिन्यांतून एकदा जाणारे लोक त्याची नक्कल करतो आणि त्याच्यासारखी वागणूक मिळेल अशी आशा करतो.

आधी देण्यातही धोका आहेच. मे २०२५ मध्ये उबरच्या ॲपवर गाडी यायच्या आधीच टीप मागायला लागले, तेव्हा त्याच प्राधिकरणाने नोटीस काढली. ग्राहक व्यवहार मंत्री प्रल्हाद जोशी यांनी जाहीरपणे म्हटलं की टीप सेवेनंतर द्यायची गोष्ट आहे. तत्त्व म्हणून ठीक. पण सेवेवर परिणाम व्हायचा तर तो आगाऊ दिल्यानेच होणार, आणि आगाऊ दिली की ती टीप उरत नाही, बोली होते. ज्याची बोली कमी त्याला गाडी नाही.

मृदगंध

म्हणजे परत आजी-आजोबाच मागे राहणार.

शॅकवाला_पेडणे

गोव्यात किनाऱ्यावर ही बोली रोज बघतो. शॅकचा (किनाऱ्यावरच्या तात्पुरत्या हॉटेलांचा) सीझन साधारण ऑक्टोबर ते मे, पोरं तेवढ्यापुरतीच आलेली असतात. तोच पाहुणा आठ-दहा दिवस त्याच शॅकवर येतो. पहिल्या दिवशी बरी टीप दिली की पुढचा आठवडा समोरची खाट त्याची, कोणाला बसू देत नाहीत पोरं. तुम्ही सांगताय ते तंतोतंत. एका रात्रीपुरता आलेल्याने कितीही दिली तरी पोरगा हसून थँक्यू म्हणतो आणि विसरतो.

बिगबेन_कुलकर्णी

लंडनमधून थोडक्यात. इथे बहुतेक रेस्टॉरंटांत साडेबारा टक्के सर्व्हिस चार्ज बिलातच येतो, नको असेल तर काढा म्हणता येतं. कोणी म्हणत नाही. पूर्वी यातला वाटा काही मालक स्वतः ठेवायचे. १ ऑक्टोबर २०२४ पासून कायदा आहे की टीप आणि सर्व्हिस चार्ज पूर्णच्या पूर्ण कामगारांत वाटायचा, मालकाला कपात करता येत नाही. सेवेत फरक? शून्य. वेटरच्या खिशात फरक? असावा.

मधलं_पान

या चर्चेत यूपीआय कसं नाही आलं? आमच्या ओळखीचा एक वेटर ठाण्यात आहे, तो म्हणतो टीप क्यूआरने मारली, गिऱ्हाइकाने नाही.

गल्ल्यावरचा

बरोबर आहे त्याचं. पूर्वीची टीप मुळात सुट्ट्यांची होती. बिल ४१० आणि तुम्ही पाचशे दिलेत, तर नव्वद परत. कच्चा वेटर पन्नास आणि वीस-वीसच्या दोन नोटा आणणार. मुरलेला वेटर गल्ल्यावर येऊन मला सांगायचा, "भाऊ, दहा-दहाच्या द्या." बडीशेपेच्या वाटीखाली नऊ नोटा, पंख्याने फडफडतायत. त्यातल्या सगळ्या उचलायला माणूस फार निर्लज्ज लागतो. दोन-तीन राहायच्याच. सेवेचा काय संबंध?

आता ४१० म्हटले की ४१० मालकाच्या खात्यात. गिऱ्हाईक वाईट झालं नाही, फक्त टेबलावर उरतच नाही काही. काही वेटर स्वतःचा क्यूआर मोबाइलवर दाखवतात, पण मॅनेजर बघत नसेल तेव्हा. काही हॉटेलांत मशीनवर टीपचा पर्याय येतो, ते पैसे जातात मालकाच्याच खात्यात. तिथून पुढे ज्याची त्याची दानत.

टीपने सेवा सुधारत असती तर क्यूआर आल्यावर सगळीकडे सेवा कोसळायला हवी होती. कोसळलीय असं मला दिसत नाही. माणसं टिकत नाहीत, एवढं मात्र हॉटेलवाले मित्र सगळे सांगतात.

खडूस_सदाशिव

नऊ नोटांपैकी नऊ उचललेल्या आहेत. नोंद घ्यावी.

पावसाळी_सई

सदाशिवकाका, दंडवत.

गल्ल्यावरचा, डिसेंबरमध्ये पुण्यात येतेय. रोख जवळ नसते. मग काय करायचं ते सांगा, वेटरला मिळावेत असं तर वाटतं.

गल्ल्यावरचा

दहा-वीस-पन्नासच्या नोटा एटीएममधून सहसा निघत नाहीत, त्यामुळे आल्या आल्या किराणावाल्याकडे पाचशे मोडून घ्या. द्यायची तर हातात द्या, फोल्डरमध्ये नको. मशीनवर टीप विचारली तर नको दाबा आणि वेटरलाच विचारा, "इथे डबा आहे की ज्याची त्याची?" प्रामाणिकपणे सांगतात. डबा असेल तर टेबल पुसणाऱ्यालाही त्यातलं मिळतं. नसेल तर त्याला वेगळे वीस द्या, त्याला कोणीच देत नाही.

बिलात सर्व्हिस चार्ज दिसला तर काढायला सांगा. काढला नाही तर १९१५, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन. फक्त हे वेटरशी बोलू नका, मॅनेजरला बोलवा. चार्ज वेटरने लावलेला नसतो, आणि त्यातलं त्याला मिळतंच असंही नाही.